बेनिकासिमला राहायचंय? आधी तारीख, मग गल्ली, मग घर

फेब्रुवारी-मार्च आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "अरे तू बेनिकासिमला जाऊन आलायस ना, कुठे राहिलेलास, काही लिंक वगैरे आहे का?" लिंक काय, लगेच पाठवता येते, पण नुसत्या लिंकने काम होत नाही हे मी स्वतः भोगलंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी दोनदा गेलो. २०२२ च्या जुलैत मित्रांबरोबर फेस्टिव्हलला, आणि दोन वर्षांनी सप्टेंबरमधे आई-बाबांना घेऊन. पहिल्या वेळी राहायची जागा पूर्ण चुकली, दुसऱ्या वेळी इतकी छान मिळाली की आई अजून त्या बाल्कनीची आठवण काढते. गाव तेच, समुद्र तोच, फरक फक्त कुठे आणि कधी राहिलो याचा.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सियापासून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटरवर बेनिकासिम आहे. शेजारी, तेराएक किलोमीटरवर, कास्तेयॉन हे जिल्ह्याचं शहर. एका बाजूला पाच-सहा किलोमीटरची वाळू आणि पाठीमागे लगेच डोंगर, त्याचं नाव देसिएर्तो दे लास पाल्मास. नावात वाळवंट असलं तरी वाळवंट नाहीये, पाइनची झाडी आणि कार्मेलाइट साधूंचा मठ आहे तिथे, एकांताची जागा या अर्थाने ते नाव पडलंय. एरवी हे शांत, कुटुंबवत्सल गाव. उन्हाळ्यात मात्र दोन मोठे संगीत महोत्सव इथे होतात आणि त्या दिवसांत गावाचा नूरच बदलतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा

घरं बघायला बसण्याआधी तारखा बघा. कोकणात मे महिन्यात किंवा गणपतीत खोली शोधणं आणि जुलैच्या भर पावसात शोधणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे आठवड्या-आठवड्यात पडतो.

जुलैच्या मध्यावर एफआयबी, म्हणजे बेनिकासिमचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, असतं. तिथले लोक त्याला 'फिब' म्हणतात आणि येणाऱ्यांना 'फिबर्स'. १९९५ पासून चालू आहे, इंडी आणि रॉक संगीताचं, ब्रिटन-आयर्लंडहून तरुण पोरंपोरी खूप येतात. मग ऑगस्टच्या मध्यावर रोटोटॉम सनस्प्लॅश, हा रेगे संगीताचा महोत्सव, आधी इटलीत व्हायचा, २०१० पासून इथे आला. तो आठवडाभर चालतो आणि लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं तिथे भरपूर दिसतात. त्यात १५ ऑगस्टला स्पेनमधे सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथली निम्मी जनता ऑगस्टमधेच रजा टाकते, म्हणजे रोटोटॉमचे पाहुणे आणि स्पॅनिश सुट्टीवाले असे दोन लोंढे एकाच वेळी त्याच खोल्यांवर येऊन पडतात. आणि हो, थोडं दक्षिणेला बुरियाना गावात आरेनाल साउंड नावाचा अजून एक महोत्सव जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर होतो. तो बेनिकासिमचा नाही, पण कास्तेयॉनमधली हॉटेलं त्यानेही भरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

ऑगस्ट संपता संपता, सप्टेंबरच्या तोंडावर, फ्रान्सिस्को तारेगाच्या नावाने आंतरराष्ट्रीय गिटार स्पर्धा असते. तारेगा म्हणजे क्लासिकल गिटारमधलं फार मोठं नाव, जन्म इथूनच जवळ विला-रेआलचा, १८५२ चा. ही स्पर्धा १९६७ पासून चालू आहे. ज्यांना सवाईला तिकीट काढून शेवटच्या रांगेतही बसायला आवडतं त्यांनी हे दिवस धरावेत असं मी मनापासून सांगीन, गर्दी उतरलेली असते आणि समुद्र अजून कोमट असतो. सप्टेंबरात गावचा ग्रामदेवतेचा, म्हणजे सांतो तोमास दे विल्यानुएवा या संताचा, उत्सव असतो. या कास्तेयॉन प्रांतात गावोगावच्या उत्सवात रस्त्यावर बैल सोडायची पद्धत आहे, गल्ल्यांच्या तोंडाला कठडे लावतात आणि लोक कठड्याच्या आत उभे राहून बघतात. बाबा सांगली जिल्ह्यातले, शर्यती बघत मोठे झालेले, ते तासभर हलले नाहीत तिथून. पण राहण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उत्सवाच्या दिवसांत गावातले काही रस्ते बंद असतात, गाडी असेल तर घरमालकाला आधीच विचारा की त्या तारखांना गाडी बाहेर काढता येईल ना.

हिवाळ्यात जाणारे थोडेच, तरी सांगून ठेवतो, जानेवारीत सांत आंतोनीच्या सणाला गावभर रस्त्यात चुली मांडून पाएया, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ, शिजवतात. तेव्हा पोहायची हौस नसेल तर जायला हरकत नाही.

आता यातून काय करायचं? फेस्टिव्हलला जाणार नसाल तर जुलैचा मधला आणि ऑगस्टचा मधला आठवडा सोडा. जून किंवा सप्टेंबर घ्या. २३ जूनच्या रात्री किनाऱ्यावर सान खुआनच्या होळ्या पेटतात, ती रात्र बघण्यासारखी असते. फेस्टिव्हललाच जाणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी फुकटात रद्द करता येईल असं बुकिंग, मग फेस्टिव्हलचं तिकीट, मग विमान. बहुतेक जण उलटं करतात, आधी स्वस्त विमान दिसलं म्हणून घेतात, मग तिकीट, आणि मे महिन्यात खोली शोधायला बसतात. आम्हीही तेच केलं होतं.

गाव कसं पसरलंय ते समजून घ्या

हा भाग सावकाश वाचा, माझी चूक इथेच झाली होती. बेनिकासिम म्हणजे एक गाव नाही, चार-पाच वेगवेगळ्या वस्त्या आहेत असं धरा.

समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, वोरामारचा किनारा. इथे जुन्या श्रीमंतांचे बंगले आहेत, एका ओळीत, समुद्रासमोर, आणि टोकाला वोरामार हॉटेल. स्पॅनिश यादवी युद्धात हे हॉटेल आणि आजूबाजूचे बंगले इंटरनॅशनल ब्रिगेडच्या, म्हणजे लढायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या, जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. संध्याकाळी फिरायला सगळ्यात सुंदर भाग हाच. शांत आहे, आणि अर्थातच महाग. इथूनच ओरोपेसा गावाकडे जाणारा जुन्या रेल्वेमार्गाचा रस्ता सुरू होतो, रूळ काढून आता चालायला आणि सायकलला केलाय, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, बोगद्यातून आणि समुद्राला खेटून जातो. आई-बाबा सत्तरीचे आहेत, रोज सकाळी दोघं त्यावर अर्धा रस्ता जाऊन परत यायचे.

त्याच्या खाली आल्माद्राबा आणि मग तोरे सान विसेंते. इथे सोळाव्या शतकातला टेहळणीचा बुरूज आहे, समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. हा मधला किनारा. हॉटेलं, आइस्क्रीमवाले, मुलांची खेळणी, सगळं पायाशी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी डोळे मिटून याच भागात बघावं. त्याच्याही खाली एल्स तेरेर्स आणि मग एलिओपोलिस, हा सगळ्यात लांबलचक किनारा, कास्तेयॉनच्या दिशेला, मागे अपार्टमेंटच्या इमारती. फेस्टिव्हलचं मैदान गावाच्या याच, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला, एन-३४० हायवेच्या बाजूला आहे. म्हणून फेस्टिव्हलवाल्यांसाठी एलिओपोलिस सोयीचं, रात्री चालत घरी येता येतं.

आणि मग मूळ गाव. ते समुद्रावर नाही, आत आहे, किनाऱ्यापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. काय्ये सांतो तोमास नावाचा मुख्य रस्ता, चर्च, बेकऱ्या, केमिस्ट, रात्री जेवायला बाहेर पडलेली स्पॅनिश कुटुंबं. खरं गाव बघायचं असेल तर इथे राहा. भाडंही किनाऱ्यापेक्षा कमी पडतं.

पाचवा भाग डोंगराचा. मोंतोर्नेस आणि आसपासच्या सोसायट्या. फोटोत या घरांइतकं सुंदर काही दिसत नाही, गच्ची, झाडी, खाली निळाशार समुद्र. आम्ही चौघांनी २०२२ ला हेच घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं समुद्र दिसतो, आणि खरंच दिसत होता, खोटं काहीच नव्हतं, फक्त आम्ही 'दिसतो' याचा अर्थ 'जवळ आहे' असा घेतला. गाडी आमच्याकडे नव्हती. पहिल्या रात्री कार्यक्रम संपवून पहाटे साडेतीनला मैदानाबाहेर आलो, टॅक्सीच्या रांगेत आमच्यापुढे दोनेकशे माणसं, तासभर थांबून शेवटी चालायला लागलो आणि त्या चढाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर फुटपाथ नाही, दिवे लांब लांब, मोबाइलची बॅटरी लावून एकामागे एक चालतोय, माझ्या बायकोच्या पायात साध्या चपला. घरी पोचलो तेव्हा उजाडत होतं. उरलेले तीन दिवस आम्ही मधूनच उठून, शेवटचं गाणं सोडून, टॅक्सी धरायला पळत होतो. एवढे पैसे घालून गेलो आणि ज्या बँडसाठी गेलो तो अर्धाच ऐकला. त्यामुळे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी डोंगरातलं घर कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो.

म्हणून कुठलंही घर आवडलं की एक काम करा. नकाशावर त्या घरापासून तीन ठिकाणी चालत जायचा रस्ता काढा: समुद्र, किराणा दुकान, आणि रात्री जिथून परत यायचंय ती जागा. किलोमीटर बघू नका, मिनिटं बघा आणि चढ बघा. रस्त्याच्या फोटोंवाला नकाशा उघडून फुटपाथ आहे का तेही बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

हॉटेल, फ्लॅट की तंबू

दोघंच असाल आणि तीन-चार रात्रींसाठी जाणार असाल तर हॉटेल बरं. त्यात 'मेदिया पेन्सिओन' असा शब्द दिसेल, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण धरून. शाकाहारी असाल तर जेवण धरून घेऊ नका, नुसता नाश्ता घ्या, कारण तिथल्या साध्या भाज्यांतही हॅमचे तुकडे टाकायची सवय आहे आणि भाज्यांच्या पाएयालासुद्धा कधी कधी चिकनचं किंवा माशांचं पाणी वापरतात, दर वेळी विचारावं लागतं.

चार माणसं किंवा आठवडाभर राहणं असेल तर फ्लॅट. आपल्या लोकांना हाच सोयीचा. बुकिंग साइट आहेतच, पण गावातले जुने एजंटही आहेत, ते आठवड्यावर किंवा 'किन्सेना'वर म्हणजे पंधरवड्यावर बोलतात, पहिली ते पंधरा आणि सोळा ते महिनाअखेर. स्पॅनिश कुटुंबं वर्षानुवर्षं तशीच घेत आलीत. तुम्हाला मधलेच पाच दिवस हवे असतील तर भर सीझनमधे त्यांना त्यात रस नसतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, जून-सप्टेंबरमधे तेच लोक आनंदाने चार रात्री देतात.

तंबू हा तिसरा मार्ग. दोन्ही महोत्सवांना स्वतःचं कॅम्पिंग असतं, ते तिकिटातच धरलंय की वेगळं घ्यायचंय हे त्या वर्षीच्या तिकिटावर नीट वाचा. पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांनी खुशाल जावं, मजा येते. पण एक लक्षात घ्या, जुलैत सकाळी आठ-नऊलाच ऊन तंबूवर येतं आणि आत थांबता येत नाही, आणि तुम्ही झोपलेले असता पहाटे चारला. सावलीचं जाळं बांधलेली जागा आधी भरते, म्हणून पहिल्या दिवशी लवकर पोचा. महोत्सवाचं नको असेल तर गावात वर्षभर चालणारी कॅम्पिंगची ठिकाणंही आहेत, बोंतेरा पार्कसारखी, तिथे लाकडी बंगलेही मिळतात, पण ती फार लवकर भरतात.

बेनिकासिममधे काहीच मिळालं नाही तर कास्तेयॉन शहर बघा. लोक ते विचारातच घेत नाहीत. शहर आहे, हॉटेलं वर्षभर ऑफिसच्या लोकांसाठी चालतात, बस आणि ट्रेन दोन्ही आहेत. फक्त रात्रीच्या परतीचं आधी ठरवा, शेवटची बस किती वाजता, फेस्टिव्हलची जादा बस आहे का, त्या वर्षीचं वेळापत्रक निघेपर्यंत बुकिंग रद्द करता येण्यासारखंच ठेवा. ओरोपेसा दुसऱ्या बाजूला, तेही चालेल.

जाहिरात वाचताना

इंग्रजी भाषांतरावर विसंबू नका, मूळ स्पॅनिश मजकूर उघडा, चार-सहा शब्द पाठ झाले की पुरे. 'प्रिमेरा लिनेआ' म्हणजे पहिली ओळ, समोर समुद्र, मधे दुसरी इमारत नाही. 'सेगुंदा लिनेआ' म्हणजे दुसरी ओळ, आणि माझं मत असं की दुसरी ओळच घ्यावी, दोन मिनिटं जास्त चालावं लागतं पण रात्री शांत आणि भाडं चांगलंच उतरतं. 'विस्तास आल मार' म्हणजे समुद्राचं दर्शन, त्याचं वर सांगितलंच. 'बाखो' म्हणजे तळमजला, 'आतिको' म्हणजे सगळ्यात वरचा, ज्याला गच्ची असते आणि जो दुपारी तापतो. 'आस्सेन्सोर' म्हणजे लिफ्ट. आई-वडील बरोबर असतील तर हा शब्द शोधाच, किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती तीन-चार मजली आहेत आणि सगळ्यांना लिफ्ट नाही.

'सोफा-कामा' मोजून बघा. सहा माणसांचा फ्लॅट म्हणतात तेव्हा त्यातली दोन हॉलमधल्या सोफ्यावर धरलेली असतात. एसी हॉलमधे एकच असतो आणि झोपायच्या खोल्यांत नसतो, हेही सर्रास. जुलै-ऑगस्टमधे दमट हवा असते, आपल्या मुंबईची आठवण यावी अशी, तेव्हा मेसेज टाकून सरळ विचारा, एसी कुठल्या कुठल्या खोलीत आहे, फोटो पाठवा. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आहे का, त्याला 'मोस्कितेरा' म्हणतात, तेही विचारा, डास आहेत. आणि 'रोपा दे कामा', म्हणजे चादरी-अभ्रे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅटमधे भाड्यात चादरी-टॉवेल नसतात, वेगळे पैसे द्यायचे किंवा स्वतःचे न्यायचे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब रात्री अकराला पोचलं आणि उघड्या गाद्यांवर ओढण्या पसरून झोपलं.

पैसे देण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या भागात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर मालकाला नोंदणी करावी लागते आणि तो नंबर जाहिरातीत छापावा लागतो. कास्तेयॉन प्रांतातला नंबर सुरू होतो व्हीटी या अक्षरांनी, मग आकडे, आणि शेवटी सीएस. शेवटी नुसतं व्ही असेल तर घर व्हॅलेन्सिया प्रांतातलं, ए असेल तर आलिकांते. २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन साइटवर द्यायच्या घरांना देशपातळीवरचाही वेगळा नंबर लागतो. नंबर नसेल तर मालकाकडे मागा. "आहे पण टाकायचा राहिला" म्हणाला तर पाठव म्हणा, नाही आला तर सोडून द्या. व्हॅलेन्सिया विभागाने २०२४ मधे नियम अजून घट्ट केलेत, पर्यटनाच्या परवान्यावर एका वेळी जास्तीत जास्त दहा दिवसच राहता येतं आणि घर पूर्णच द्यावं लागतं, फ्लॅटमधली एकेक खोली देता येत नाही. त्यामुळे फेस्टिव्हलच्या दिवसांत "माझ्या फ्लॅटमधली एक खोली आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर जरा थांबा.

फेस्टिव्हलच्या आधी खोट्या जाहिराती वाढतात. ओळखायची खूण जवळजवळ नेहमी एकच, समोरचा तुम्हाला साइटच्या बाहेर काढतो. साइटवर बोलणं चालू असताना तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर देतो, मग म्हणतो कमिशन वाचेल, थेट बँकेत टाका, अर्धेच टाका. माझ्या मित्राने असेच अर्धे टाकले. पत्त्यावर गेला तर इमारत होती, तिसरा मजलाही होता, दार उघडलं एका आजींनी, त्या तिथे स्वतःच राहत होत्या, आणि त्यांच्या बाल्कनीचा फोटो कुणीतरी चोरून लावला होता. आजींनी त्याला पाणी दिलं, बसवलं. पैसे गेले ते गेलेच. थेट मालकाशी व्यवहार करायचाच असेल तर लेखी करार, नोंदणी नंबर, आणि व्हिडिओ कॉलवर घर, खिडकीतून दिसणारा रस्ता, हे सगळं बघून मगच. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे तेही (रिव्हर्स इमेज सर्च करून) बघा, तोच फोटो दुसऱ्या गावाच्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला.

'फिआन्सा' म्हणजे डिपॉझिट, 'लिंपिएसा' म्हणजे साफसफाईचे पैसे, हे दोन्ही एकूण रकमेत मिळवून मगच दोन घरांची तुलना करा. बार्सिलोनाकडे पर्यटक कर लागतो तसा इथे लागत नाही, व्हॅलेन्सिया विभागाने तो आणायचा ठरवून लागू व्हायच्या आधीच रद्द केला. कुणी रोख मागितला तर पावती मागा.

पासपोर्टची माहिती मात्र मागणारच. स्पेनच्या कायद्यानुसार प्रत्येक पाहुण्याची नोंद मालकाने सरकारकडे करायची असते, नाव, पासपोर्ट नंबर, पत्ता, फोन वगैरे, २०२४ च्या डिसेंबरपासून ते आणखी कडक झालंय. त्याला घाबरू नका. पण बुकिंग पक्कं व्हायच्या आधी पासपोर्टचा फोटो कुणालाही पाठवू नका.

भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसा

शेंगेन, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसाच्या अर्जाला राहायच्या जागेचा पुरावा लागतो, सगळ्या रात्रींचा, एकही रात्र मोकळी नको. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. जुलैच्या फेस्टिव्हलसाठी उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच रद्द करता येईल असं हॉटेल किंवा फ्लॅट घेऊन ठेवा आणि अर्जाला तेच जोडा. बुकिंगवर बरोबरच्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे येऊ द्या, आमच्या आईचं माहेरचं-सासरचं नाव घोटाळलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला आठवडा गेला. जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे, हेही विसरू नका. बरेच जण पाच रात्री पॅरिस आणि चार रात्री स्पेन ठेवून स्पेनकडे अर्ज करतात.

पोचायचा दिवस

व्हॅलेन्सिया विमानतळावरून मेट्रोची ३ किंवा ५ नंबरची लाइन धरा, शातिवा स्टेशनला उतरलात की शेजारीच नॉर्द रेल्वे स्टेशन. तिथून काही गाड्या थेट बेनिकासिमला जातात, नाहीतर कास्तेयॉनला बदलायची. बेनिकासिमचं स्टेशन समुद्रावर नाही, गावाच्या वरच्या अंगाला आहे, बॅगा घेऊन किनाऱ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, उतार असला तरी दुपारच्या उन्हात नको, टॅक्सी करा. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर एपी-७ मोटरवे या पट्ट्यात २०२० पासून टोलमुक्त आहे, पण पार्किंगची जागा, 'प्लासा दे गाराखे', घराबरोबर मिळतेय ना ते बघाच.

चावी कुणाकडे आणि किती वाजेपर्यंत, हे लेखी घ्या. एजंटचं ऑफिस दुपारी दोन ते पाच बंद असणं साहजिक आहे आणि रविवारी उघडेलच असं नाही. विमान उशिरा उतरणार असेल तर आधीच सांगा, रात्री येण्याचे जादा पैसे घेतात का ते विचारा. माणूस स्वतः चावी द्यायला येत असेल तर पाच मिनिटं त्याच्याबरोबर घरात फिरा, गॅस, गीझर, मेन स्विच, एसीचा रिमोट, कचरा कुठे टाकायचा. तो गेला की लगेच मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, सोफ्यावरचा डाग, फुटलेली फरशी, सगळं, आणि त्याच रात्री त्याला पाठवून द्या.

घरात शिरल्यावर

खिडक्यांना 'पेर्सियाना' असतात, वरून खाली ओढायच्या पट्ट्यांच्या झडपा. सकाळी दहा-अकराला उन्हाच्या बाजूच्या सगळ्या खाली ओढा आणि संध्याकाळी उघडा. आपल्याला दिवसा घर अंधारं ठेवायला जिवावर येतं, आई दोन दिवस उघड्याच ठेवत होती, तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं तेव्हा तिने ऐकलं आणि घर खरंच गार राहायला लागलं.

स्वयंपाकघराच्या मागे एक छोटी बाल्कनी असते, कपड्यांचं मशीन आणि वाळत घालायच्या दोऱ्या तिथे, आणि तिला ते 'गालेरिया' म्हणतात. आईला हे इतकं आवडलं, "म्हणजे आपली मागची गॅलरीच की."

ओट्यावर मात्र बहुतेक घरांत गॅस नसतो, काळ्या काचेची शेगडी असते. त्यात दोन प्रकार. साधी 'विट्रो' असेल तर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं. 'इंदुक्सिओन' म्हणजे इंडक्शन असेल तर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, शेगडी नुसती टीटी करते आणि बंद होते. आम्ही मिरजेहून आलेला तीन लिटरचा कुकर एवढा लांब वागवत नेला आणि तो पाच दिवस ओट्यावर नुसता बसून होता. आधी विचारा, आणि इंडक्शन असेल तर स्टीलचा इंडक्शनवाला न्या. बाकी किराण्याची काळजी करू नका, मेर्कादोना, कोन्सुम इथे तांदूळ, मसूर, बरणीतले उकडलेले छोले, दही, सगळं मिळतं. पोहे, मसाला, हिंग घरून. प्यायला पाच-आठ लिटरचे पाण्याचे कॅन मिळतात, नळाचं पाणी जड आहे, चहाची चव बदलते.

रात्री जेवायला नऊच्या आधी बाहेर पडू नका, जुलैत सूर्यच सव्वानऊच्या पुढे मावळतो, हॉटेलांची किचनंच उघडलेली नसतात. मुलांना आठला घरी खाऊ घाला आणि मग फिरायला न्या, तिथली मुलंही अकरा-अकरापर्यंत किनाऱ्यावर खेळत असतात.

आवाजाचं एक. तुम्ही फेस्टिव्हलहून पहाटे परत याल तेव्हा त्या इमारतीत वर्षभर राहणारी माणसं झोपलेली असतात. जिन्यात बोलू नका, बॅगेची चाकं उचलून घ्या. तक्रार झाली तर मालकाला त्रास होतो आणि डिपॉझिट अडकतं ते वेगळंच.

निघताना

चेकआउट बहुधा दहा किंवा अकराला असतं आणि आत नवीन पाहुणे यायचे असल्याने मिनिटभरही ढिलाई नसते. आदल्या रात्री कचरा टाका, फ्रिज रिकामा करा, भांडी धुवून ठेवा, परत एकदा व्हिडिओ काढा. डिपॉझिट किती दिवसांत आणि कुठल्या खात्यात परत येणार हे मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. फेस्टिव्हल संपल्याच्या दुसऱ्या सकाळी अख्खा गाव एकाच वेळी स्टेशनकडे निघतो, त्या दिवशीचं रेल्वे तिकीट तिकडे जायच्या आधीच काढून ठेवा, आणि स्टेशनपर्यंतची टॅक्सी आदल्या दुपारीच फोन करून सांगून ठेवा.